रिकाम्या १ बीएचकेची मांडामांड

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, १ बीएचके, अनफर्निश्ड. ताबा घेतला तेव्हा घरात होतं ते एवढंच: तीन पंखे, चार ट्यूब, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक, दोन माळे आणि खिडक्यांना गज. गीझर नाही, ट्रॉल्या नाहीत, पडद्यांच्या दांड्या नाहीत, वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा नाहीत. करार ११ महिन्यांचा. आत येणारी प्रत्येक वस्तू कधीतरी त्याच दारातून बाहेर न्यायची आहे, हे धरून आम्ही सगळी खरेदी केली. त्यामुळे स्वतःच्या घरासाठी जो सल्ला बरोबर असतो, तो इथे बऱ्याचदा चुकतो.

आधी कागद. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये ते स्पष्ट आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं २०,००० आणि अनामत ६०,००० असेल तर ११ महिन्यांचं भाडं २,२०,०००, व्याज ५,५००, आणि शुल्क साडेपाचशेच्या थोडं वर. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट आकडा सांगतो तेव्हा बाकीचे पैसे त्याच्या घरपोच सेवेचे असतात, ते वेगळे लिहून मागावेत. आमच्या दृष्टीने करारातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे घरातल्या वस्तूंची यादी. प्रत्येक पंखा, नळ, काच, किल्ल्यांची संख्या त्यात लिहून घ्यावी. भिंतीला भोकं पाडायची परवानगी, किती आणि कुठे, हेही त्यातच.

किल्ली मिळाल्यावर पहिला दिवस फक्त पाहणीचा ठेवला. पाच मीटरचा टेप, टेस्टर, एक बल्ब लावलेला होल्डर, २० लिटरची बादली आणि वही. रिकाम्या घराचे फोटो काढले, त्यात वीजमीटरच्या आकड्याचाही. जुन्या वीजबिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी तपासली, कारण थकबाकी कुणाचीही असली तरी वीज तुटते ती त्या जागेची. बंद घरात बाथरूमच्या जाळीतून घाण वास येत असेल तर घाबरू नये. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं, पाणी सुकलेलं असतं, बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो. दुसऱ्या दिवशीही आला तर मात्र प्लंबर लागतो, आणि तो खर्च मालकाचा. झुरळांचं जेल सिंकखाली आणि माळ्याच्या कोपऱ्यांत त्याच दिवशी लावून घ्यावं. भांडी लागल्यावर तिथे हात पोचत नाही.

टेपचं काम कंटाळवाणं वाटतं, पण पैसे तिथेच वाचतात. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, प्रत्येक खोलीचं दार, बेडरूमच्या भिंती, फ्रीजची जागा आणि ओट्याची खोली, सगळं मोजायचं. सहा माणसांच्या लिफ्टचं दार साधारण २८ ते ३१ इंचच उघडतं. तिच्यातून अखंड डबल कॉट जात नाही, साडेसहा फुटी लोखंडी कपाटही बऱ्याचदा आत उभं राहत नाही; मग जिना, आणि हमालीचा दर मजल्यागणिक. बेडरूम १० बाय १० ची, म्हणजे १२० इंच. भिंतीला टेकवून ७२ इंच रुंदीचा किंग पलंग लावला की ४८ इंच उरतात. समोर १९ इंच खोलीचं कपाट ठेवलं आणि त्याचं १८ इंची दार उघडलं की उरले ११ इंच, माणूस उभा राहणार कुठे? त्याच जागी ६० इंची क्वीन पलंग असेल तर २३ इंच मिळतात. दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये हे कधीच लक्षात येत नाही.

विजेकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. घरात दोन प्रकारचे सॉकेट असतात, ६ अँपिअरचे लहान आणि १६ अँपिअरचे मोठे. उपकरणावरच्या वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात. म्हणजे लहान सॉकेटची मर्यादा साधारण १,३८० वॅट. मिक्सर, इस्त्री, टीव्ही, फ्रीज त्यात बसतात. १,५०० वॅटची पाण्याची किटली साडेसहा अँपिअर घेते, ती बसत नाही. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि गीझर ८.७ घेतात, ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३. ही मंडळी फक्त मोठ्या सॉकेटवर, आणि एक्स्टेंशन बोर्डवर तर कधीच नाही. साध्या बोर्डची वायर बारीक असते, ती तापते, पिन काळी पडते आणि प्लॅस्टिक वितळल्याचा वास येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. आमच्या स्वयंपाकघरात मोठा सॉकेट एकच होता, आणि तो फ्रीजच्या जागेमागे. त्यामुळे इंडक्शनचा विचार सोडून गॅस घेतला. प्रत्येक सॉकेटचं अर्थिंगही पाहावं: फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला तर तो फेज-न्यूट्रलइतकाच उजळ पेटायला हवा. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) असेल तर या तपासणीत ती ट्रिप होते, म्हणजे ती काम करते आहे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर गीझर लावण्याआधी मालकाकडून इलेक्ट्रिशियन बोलवून घ्यावा. हे काम ज्याला सवय आहे त्यानेच करावं, आणि पायात रबरी चप्पल हवी.

पंखा बदलायचा मोह होतो. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, तेव्हा बेडरूमपुरता एक घेणं परवडतं. मात्र त्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. रेग्युलेटर काढून सरळ स्विच जोडावा लागतो, नाहीतर पंखा गुणगुणतो आणि त्याचं सर्किट जातं. मालकाचा पंखा खोक्यात घालून माळ्यावर, रेग्युलेटर त्याच खोक्यात.

पाण्याची परीक्षा बादलीने. वरच्या मजल्याच्या घराला गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी मिळतो, कारण दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला एक बार (दाबाचं माप), म्हणजे टाकी डोक्यावर फक्त तीन मीटर असेल तर ०.३ बार. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनना किमान तेवढा लागतो, काहींना त्याहून जास्त. वॉशिंग मशीनच्या नळाखाली २० लिटरची बादली तीन मिनिटांत भरत नसेल तर ऑटोमॅटिक घेऊ नये, असा आमचा ठोकताळा. ते पाणी भरण्यातच वेळ घालवतं आणि शेवटी एरर दाखवून थांबतं. तिथे सेमी-ऑटोमॅटिक बरं, त्यात पाइपने वा बादलीने पाणी ओतता येतं.

पिण्याच्या पाण्यासाठी आधी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा), मग मशीन. खडकवासला साखळीचं महापालिकेचं पाणी मुळात हलकं आहे. त्याला आरओ लावणं म्हणजे चांगल्या पाण्यातले क्षार काढणं आणि बादल्या भरून पाणी गटारात सोडणं. यूव्ही आणि साधा गाळणफिल्टर पुरतो. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येत असेल आणि मीटर ५०० च्या वर जात असेल तरच आरओ. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ती स्वीकार्य मर्यादा आहे. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो का, हे वॉचमनला विचारावं, त्याला सगळं ठाऊक असतं. भिंतीवर टांगायचं मशीन नको असेल तर स्टीलचा गुरुत्व फिल्टर ओट्यावर ठेवावा. जाताना उचलला की झालं.

गीझर. १५ लिटरचा साठवणीचा गीझर भरल्यावर २५ किलोच्या आसपास जातो. नव्या इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यांत साधी गट्टी धरत नाही, भोक मोठं होत जातं. हाताच्या बोटाने ठोकून पाहावं. पोकळ, मऊ आवाज आला तर त्या भिंतीवर लांब नायलॉनचे प्लग लागतात, किंवा काँक्रीटची भिंत शोधावी. भाड्याच्या घरात ३ लिटरचा इन्स्टंट गीझर जास्त सोयीचा, हलका आणि दोन स्क्रूंवर राहतो. बादलीने अंघोळ करणाऱ्यांना तो पुरतो. जोडणीचे अर्धा इंची पाइप १८ की २४ इंची लागतील, हे मोजूनच आणावं. थ्रेडवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे, थ्रेडच्या दिशेने. सेफ्टी व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडले तर ती गळती समजू नये आणि तो व्हॉल्व्ह कधीही बंद करू नये. स्वस्त पडतो म्हणून बंद बाथरूमच्या आत गॅस गीझर मात्र लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं अंघोळ करतानाच गेली आहेत.

गॅसचे तीन मार्ग. इमारतीत पाइप गॅस असेल तर मालकाच्या नावावरचं कनेक्शन चालू आहे का, बिल थकलंय का, एवढं पाहावं. सिलिंडरचं नवं कनेक्शन भाडेकराराच्या प्रतीवर मिळतं. गावाकडे जुनं असेल तर ते हस्तांतरित करता येतं, नवं घेण्याची गरज नाही. आणि तोवर ५ किलोचा लहान सिलिंडर, ओळखपत्रावर हातोहात. शेगडी आणल्यावर दुकानदाराला विचारायचं ते हे, की जेट, म्हणजे शेगडीत गॅस सोडणारं तोंड, कुठल्या गॅसचं आहे. पाइप गॅसचं जेट मोठ्या भोकाचं, सिलिंडरचं बारीक. सिलिंडरची शेगडी पाइप गॅसवर लावली तर ज्योत मरगळते. उलट केलं तर पिवळी, उंच ज्योत येते, भांडी काळी होतात आणि ते धोक्याचंही आहे. जेट तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावं. रबरी नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. सिलिंडर घेताना सील, वजन आणि कड्याजवळच्या पट्टीवरची चाचणीची तारीख पाहावी: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी पुढच्या तिमाह्या, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. ती तारीख उलटलेली असेल तर सिलिंडर परत. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या आतली काळी रबरी रिंग जागेवर आहे ना, तेही. रेग्युलेटर बसवल्यावर वास येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तीच रिंग. काडीपेटीने नाही, साबणाच्या फेसाने तपासायचं.

शेगडी पेटली की पहिलं दूध उतू घालवलं. भाड्याचं असलं तरी घरच आहे, आणि त्यासाठी लागतं ते एक पातेलं आणि पाव लिटर दूध.

भांड्यांची खरेदी तुळशीबाग आणि रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला केली. इलेक्ट्रिकचं किरकोळ सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. स्टील वजनावर मिळतं, म्हणून हलकं भांडं स्वस्त दिसतं, पण पातळ बुडाच्या पातेल्यात दूध रोज लागतं. दोघांसाठी आम्ही घेतलेलं सगळं कामात आलं: ३ लिटरचा कुकर, ५ लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे म्हणजे वरण-भात एका वेळी, लोखंडी तवा एक, कारण नॉनस्टिकवर भाकरी होत नाही, जाड बुडाची कढई, तीन पातेली झाकणांसह, १४ इंची परात, पोळपाट-लाटणं, सांडशी, चिमटा, झारा, उलथनं, पळी, दोन गाळण्या, किसणी, विळी, सुरी, खलबत्ता, मिसळणाचा डबा, चार ताटं, आठ वाट्या, सहा पेले, तांब्या आणि पिंप. ५०० वॅटचा मिक्सर इडलीचं पीठ सोडून सगळं करतो. ते वारंवार करायचं असेल तर ७५० वॅट.

डब्यांत लोक हमखास फसतात. दुकानात डबा ‘पाच किलोचा’ म्हणून देतात, पण तो तांदळाच्या मापाने. पाच किलो तांदळाला सहा ते साडेसहा लिटरचा डबा पुरतो. कणीक हलकी आणि फुललेली, पाच किलो कणकेला नऊ-दहा लिटर जागा लागते. तेव्हा डबे लिटरमध्ये मागावेत. ट्रॉल्या नसल्यामुळे भांड्यांची मांडणी हवीच. भिंतीवरची टांगायची म्हटली की किमान चार भोकं, म्हणून जमिनीवर उभी राहणारी तीन कप्प्यांची घेतली. ओट्याखाली सिंकचा पाइप कुठून जातो ते पाहून तिची रुंदी ठरवावी.

झोपायची व्यवस्था खरं तर पहिल्या रात्रीचीच गरज. आम्ही गादी कारखान्यातून दोन कापसाच्या गाद्या भरून घेतल्या, ६ बाय ३ फुटांच्या. एकीत आठ ते दहा किलो कापूस. तो समोर तोलून घ्यावा आणि मुठीत दाबून पाहावा. गिरणीचा वेस्ट मिसळला असेल तर रंगीत धागे आणि काड्या दिसतात. टाके जवळजवळ असले की कापूस एका बाजूला गोळा होत नाही. महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं, काही वर्षांनी पुन्हा पिंजून घ्यायचा. फोमची गादी घ्यायची असेल तर जाडीपेक्षा घनता विचारावी: ३२ घनतेचा फोम लवकर बसतो, ४० चा टिकतो. दोन सिंगल गाद्या शेजारी लावल्या की डबल, पाहुणे आले की वेगळ्या, आणि लिफ्टमधून जातात.

पलंग, कपाट, टेबल या लाकडी वस्तू महिनाभर घेतल्याच नाहीत. घरात वावरल्यावर कुठली भिंत रिकामी हवी ते कळतं. नवं स्वस्त फर्निचर बहुधा पार्टिकल बोर्डचं असतं. ते एकदा जोडलं की ठीक, पण उघडून पुन्हा जोडताना स्क्रूची भोकं सैल होतात, दुसऱ्या स्थलांतरात कोपरे डुगडुगतात, आणि पावसाळ्यात फरशी पुसण्याच्या पाण्याने पायांकडचा भाग फुगतो. त्याच पैशांत जुनं सागवानी किंवा लोखंडी मिळतं. मे-जूनमध्ये शिक्षण संपवून जाणारी मुलं सामान काढतात, तेव्हा भाव चांगले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही फेरी मारावी, किरकोळ लोखंडी सामानासाठी. जुन्या लाकडात ढेकूण हा खरा धोका. मोबाइलचा टॉर्च लावून सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांची मागची बाजू पाहावी. काळे बारीक ठिपके किंवा पांढरट कातडी दिसली तर फुकटसुद्धा नको. जुना सोफा आणि जुनी गादी तर घेऊच नये, त्यांच्या आत बघता येत नाही.

फ्रीज जुना चालतो, पण तपासून. आपण पोचायच्या आधी दोन तास तरी चालू ठेवायला सांगावं, म्हणजे बर्फ धरतो की नाही कळतं. दारात दहाची नोट अडकवून ओढावी. सहज निघाली तर रबर सैल आहे, गार हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. सिंगल डोअरच्या फ्रीजरमध्ये सुरीचे ओरखडे शोधावेत. बर्फ सुरीने खरवडताना पत्र्याला भोक पडून गॅस गेलेले फ्रीज बाजारात पुष्कळ असतात, आणि गॅस भरून दिला तरी तो पुन्हा जातो. उभाच आणावा. पोचल्यावर चार तास तसाच ठेवून मग चालू करावा, आडवा आणला असेल तर पूर्ण दिवस. मागे चार इंच जागा. दोघांना १८०-१९० लिटर पुरे. नव्यावरचे तारे पाहताना लेबलवरचं वर्षही पाहावं, कारण निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे आजचे पाच नसतात.

पडद्यांचं काम शेवटी. तयार पडदे पाच, सात, नऊ फूट लांबीचे आणि चार फूट रुंदीचे येतात. पाच फुटी खिडकीला दोन, म्हणजे चुण्यांना दीडपट कापड. लहान खिडक्यांना भोक न पाडता बसणारी स्प्रिंगची दांडी चालते, जड कापड मात्र ती पेलत नाही. जिथे भोक पाडावंच लागतं तिथे ६ मिलिमीटरचं, आणि ड्रिलच्या टोकावर रंगीत टेप लावून खोली ठरवलेली. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत कधीही नाही, वायर आणि पाइप तिथूनच जातात. संपूर्ण काँक्रीटच्या इमारतीत साधं ड्रिल फक्त घासतं, हॅमर लागतो. जाताना भोकं पुट्टीने भरून द्यायची, म्हणून भिंतीच्या रंगाचा कोड मालकाकडून आधीच घेऊन ठेवला. डासांची जाळी वेल्क्रोवर, पुण्यात संध्याकाळी ती हवीच. सोफा, टीव्ही आणि कूलर हे पहिल्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतात. एसीसाठी भिंतीला गोल भोक पाडावं लागतं, त्यामुळे तो विषय मालकाच्या लेखी होकाराशिवाय काढूच नये.

पुढे शेजारच्या जास्त दाबाच्या घरात गेलो तर घ्यायचं म्हणून फ्रंट लोड मशीनची चौकशीही करून ठेवली आहे. ते बसवताना मागचे तीन-चार लांब बोल्ट काढायला लोक विसरतात, आणि पहिल्याच स्पिनला मशीन घरभर नाचतं. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून कंपनी ते घालते. काढल्यावर बिल आणि बोल्ट एका पिशवीत घालून मशीनच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवायचे, कारण ११ महिन्यांनी टेम्पो येईल तेव्हा ते पुन्हा बसवावे लागणार आहेत.